आमच्या पाड्याची वस्ती जेमतेम ३००. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून रस्ता मिळेल का?

मिळू शकतो, पण पाडा कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. ही योजना २५ डिसेंबर २००० ला, वाजपेयींच्या काळात सुरू झाली. तिचा हिशेब महसुली गावावर नाही, वस्तीवर चालतो. त्यामुळे मूळ गावाला डांबरी रस्ता असला तरी पाडा आपोआप बाद होत नाही. सपाट भागात ५०० लोकसंख्या लागते. डोंगराळ राज्यांत आणि राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागात २५० पुरते. म्हणजे धडगाव किंवा जव्हारकडे असाल तर तुम्ही बसता, एरवी बहुधा नाही.

गोम आहे ती जनगणनेत. आधी २००१ चे आकडे धरायचे, आता सप्टेंबर २०२४ ला मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात २०११ चे. आज घरं वाढली असली तरी कागदावर तेव्हाचाच आकडा. म्हणून आधी ग्रामपंचायतीत तो बघा, मग ग्रामसभेचा ठराव घेऊन जिल्ह्याच्या ग्रामसडक कार्यालयात द्या. नुसतं आमदारांच्या मागे फिरून चपला झिजतात.

आणि रस्ता झालाच तर रस्त्याकडेच्या माहितीफलकाचा फोटो काढून ठेवा. पहिली ५ वर्षं देखभाल ठेकेदाराकडेच असते. खड्डे पडले की ‘मेरी सडक’ ॲपवर तक्रार टाकता येते.