स्पेनच्या ऑलिव्ह पट्ट्यातल्या छोट्या गावात हवा कशी असते? दमा असलेल्या मुलाला घेऊन राहायला जावं का?

तुम्ही विचारलंय, नोकरीनिमित्त सप्टेंबरपासून हाएन प्रांतातल्या एका छोट्या गावात राहायचं आहे, धाकट्याला दमा आहे, आणि शहर सोडून शेतीच्या गावात जातोय म्हणजे हवा स्वच्छच असेल ना? मी याच प्रांतात, उबेदाजवळ राहते. जरूर या, पण डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी आणि मे महिना, या दोन वेळांची तयारी करून या. बाकीचं वर्ष बहुतेक बरं जातं.

आधी हिवाळा. या प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून जास्त झाडं आहेत आणि नोव्हेंबर ते जानेवारी-फेब्रुवारी तोडणी चालते. त्याच दिवसांत थंडी पडते आणि घरोघरी शेगड्या पेटतात. जळण गावचंच, ऑलिव्हचं लाकूड नाहीतर फळातली कोय. ग्वादालकिवीर नदीच्या खोऱ्यात निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड हवा खाली बसते, वर उबदार हवेचा थर राहतो, आणि धुराला वर जायला वाट उरत नाही. संध्याकाळी सात-आठला रस्त्यावर आलं की धुराचा पट्टा धुराड्यांच्याच उंचीवर आडवा पसरलेला दिसतो. दोरीवरचे कपडे विसरलात तर परत धुवावे लागतात. व्हियानुएवा देल आर्थोबिस्पो या जेमतेम आठ हजार वस्तीच्या गावात ना मोठी रहदारी, ना महानगर, तरी तिथे पीएम १० म्हणजे १० मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक धूलिकणांनी युरोपीय मर्यादा ओलांडली. दिवसाची सरासरी दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर वर्षातून ३५ पेक्षा जास्त दिवस जाऊ नये, असा तो नियम आहे. शेवटी हाएन ज्यात मोडतो त्या आंदालुसियाच्या प्रादेशिक सरकारला त्या गावासाठी हवा सुधारण्याचा वेगळा आराखडा करावा लागला.

यात घरांच्या शेगड्यांबरोबर चोथ्याच्या कारखान्यांचाही वाटा असतो. फळाच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा तेल निघतं, बाकी राहतो तो ओला लगदा, म्हणजेच चोथा, आणि तो या कारखान्यांत वाळवतात. १९९०च्या दशकात तेलगिरण्यांची पद्धत बदलली. त्यामुळे नद्या नासवणारं काळं सांडपाणी जवळजवळ थांबलं, ही मोठीच गोष्ट झाली. पण लगदा जास्त ओला निघू लागला आणि तो वाळवायला भट्ट्या जास्त जळू लागल्या. साखर कारखान्याच्या गावात गाळपाच्या दिवसांत राहिला असाल तर हंगामभर हवेत भरून राहणारा वास म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. लगदा साठवून ठेवतात, त्यामुळे तोडणी संपल्यावरही वाळवण पुढे महिनोन्महिने चालू राहतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटणी होते आणि शेतात फांद्या जाळतात. हल्ली बरेच शेतकरी त्यांचा भुगा करून झाडांच्या ओळींत पसरतात, मातीलाही तेच चांगलं. मधूनच सहारातली धूळ येते. मार्च २०२२ मध्ये तर आकाश नारिंगी झालं होतं आणि पावसाबरोबर गाड्यांवर चिखल पडला होता. अशा दिवशी मुलाला घरातच ठेवा.

मग मे. ऑलिव्हचा मोहोर लहानसा, पांढुरका, पण परागण वाऱ्याने होतं, त्यामुळे परागकण अफाट. हाएनमध्ये भरात असताना एका घनमीटर हवेत दिवसाला हजारोंनी मोजले जातात, जगातल्या सर्वांत जास्त आकड्यांमध्ये हे मोडतात. सकाळी गाडीच्या काचेवर पिवळी पूड असते. त्याच सुमारास गवतंही फुलोऱ्यात असतात आणि उंचावरच्या बागा उशिरा फुलतात, म्हणून त्रास जूनमध्येही लांबतो. पहिल्या मे महिन्यात मुलाला काही झालं नाही तरी निर्धास्त राहू नका, अॅलर्जी एक-दोन मोसम गेल्यावरही डोकं वर काढते.

उन्हाळ्यात दुपारी जमिनीलगतचा, श्वासाला त्रास देणारा ओझोन वायू वाढतो, पण त्या उन्हात तसंही कुणी बाहेर पडत नाही.

घर घेताना गावाच्या वरच्या अंगाला बघा, खोलगट भागात नको. चोथ्याचा कारखाना कुठे आहे आणि वारा बहुतेक कुठून वाहतो, हे शेजाऱ्यांना विचारा, घरमालकाला नको. उबेसाठी एसीचा हीटर असलेलं घर घ्या. जुन्या घरांत टेबलाखाली कोळशाची शेगडी ठेवतात, ती अजिबात वापरू नका, कार्बन मोनॉक्साईडने माणसं दगावतात. सरकारी केंद्रांचे हवेचे आकडे रोज मिळतात, पण दिवसाच्या सरासरीवर विसंबू नका, दुपारच्या स्वच्छ हवेत संध्याकाळचा धूर झाकला जातो. तासातासाचे आकडे बघा आणि मुलाचं खेळणं दुपारी उरकून घ्या. आल्या आल्या सरकारी दवाखान्यात नाव नोंदवा, आणि इनहेलर कधी, किती द्यायचा हे डॉक्टरांकडून डिसेंबरच्या आत लिहून घ्या. त्याची एक प्रत शाळेतही द्या.

गावाचं नाव कळवलंत तर तिथला कारखाना कुठल्या बाजूला आहे, ते बघून सांगते.