पीडी: [नेटरिसीव्ह]ला जोडणी होते, मजकूर मात्र येत नाही

पीडी म्हणजे प्युअर डेटा, ठोकळे (ऑब्जेक्ट) जोडून ध्वनीचे प्रोग्राम बनवायचं साधन; चौकटी कंसात त्याचे ऑब्जेक्ट आहेत, आणि [नेटरिसीव्ह] नेटवर्कवरून संदेश घेतो. पायथनमधून ३००० पोर्टवर ओळ पाठवली, [नेटरिसीव्ह ३०००]च्या उजव्या आउटलेटवर १ आला, डावीकडून काहीच नाही, असा प्रश्न आहे. उजवीकडचा १ म्हणजे टीसीपी जोडणी झाली, एवढंच. संदेश संपला हे पीडीला अर्धविरामावरून कळतं. तो येईपर्यंत मजकूर आतच साठून राहतो. ओळीच्या शेवटी अर्धविराम आणि नवी ओळ, दोन्ही पाठवा.

आधी पायथनचा प्रोग्राम बाजूला ठेवून टर्मिनलमधून एनसी (नेटकॅट) किंवा पीडीसोबत येणाऱ्या पीडीसेंडने मजकूर पाठवून तपासा. तिथे संदेश अवतरणचिन्हांत लिहा, नाहीतर अर्धविराम शेलच (टर्मिनलमधला आज्ञा वाचणारा प्रोग्राम) खाऊन टाकतं. यूडीपी (जोडणी न करता सुटी पॅकेट पाठवण्याची पद्धत) हवं तर [नेटरिसीव्ह -यू ३०००], पण त्यात जोडण्यांची संख्या दिसत नाही. एका पॅकेटात एकच संदेश ठेवा, आणि शेवटची नवी ओळ विसरू नका. ती नसली तर पॅकेट गुपचूप टाकून दिलं जाऊ शकतं.

'टेम्पो १२०' सारख्या आज्ञांना एवढं पुरतं: पुढे [राउट टेम्पो] लावा, तो पहिल्या शब्दावरून संदेश वेगळे काढतो. फक्त पाठवताना आकडे इंग्रजी असू द्या. देवनागरी १२० पीडीच्या लेखी संख्या नसून सिंबॉल (शब्द) आहे, आणि पुढचा [मेट्रो] (ठोके देणारा ऑब्जेक्ट) त्यावर चालणार नाही.

माणसाने लिहिलेली वाक्यं पाठवायची असतील तर हा मार्ग सोडा. स्पेसवर शब्द सुटे होतात, स्वल्पविरामावर संदेशाचे दोन तुकडे पडतात, डॉलरचं चिन्ह आलं तर एरर. प्रत्येक चिन्हापुढे बॅकस्लॅश लावण्यापेक्षा [नेटरिसीव्ह -बी ३०००] घ्या. मग बाइट जसेच्या तसे मिळतात आणि संदेशाचा शेवट तुम्ही ठरवता. नवी ओळ, म्हणजे बाइट १०, सोयीची.

टीसीपी हा सलग प्रवाह आहे, तुकडा कुठेही पडतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेतं ('नमस्कार' २१ बाइटचा), त्यामुळे मधेच सिंबॉल केला तर अक्षर तुटतं. म्हणून आलेली यादी [लिस्ट अपेंड]च्या उजव्या इनलेटमध्ये ठेवा, [अंटिल]ने बँग (‘चालव’ असा इशारा) देत राहा, आउटपुट [लिस्ट स्प्लिट १]ला जोडा. उरलेली यादी मधल्या आउटलेटमधून परत [लिस्ट अपेंड]च्या उजव्या इनलेटमध्ये. यादी संपल्यावर तिसऱ्या आउटलेटचा बँग [अंटिल]च्या उजव्या इनलेटला, नाहीतर पीडी गोठलंच समजा. [स्प्लिट]चा मधला आउटलेट डाव्याच्या आधी चालतो, म्हणून उरलेली यादी थेट [स्प्लिट]लाच परत दिली तर बाइट उलट क्रमाने बाहेर पडतात. सुटे बाइट [सिलेक्ट १०]मध्ये घाला, उजवीकडून निघणारे दुसऱ्या यादीत जमवा. १० आला की ती [लिस्ट टूसिंबॉल]ला द्या आणि मगच रिकामी करा. इथे [ट्रिगर]शिवाय क्रमाची खात्री नाही.

पीडी एकदा बनवलेला सिंबॉल बंद होईपर्यंत मेमरीतून काढत नाही. महिनाभर चालणाऱ्या इन्स्टॉलेशनमध्ये दर सेकंदाला नवं वाक्य येत असेल, तर सिंबॉल न बनवता बाइटच्याच यादीवर काम करा.

पाठवणारा प्रोग्राम ओएससी (ध्वनी-प्रोग्रामांमधली संदेशांची ठरलेली पद्धत) देत असेल तर ही सगळी खटपट नको. [नेटरिसीव्ह -यू -बी], [ओएससीपार्स], [लिस्ट ट्रिम], मग [राउट]. पीडी ०.४६ पासून हे व्हॅनिलातच (मूळ पीडीत) आहे. [लिस्ट ट्रिम] गाळला की [प्रिंट]मध्ये संदेश दिसतो, पण त्याच्या आधी 'लिस्ट' असतं, आणि [राउट]ला काही जुळत नाही.