पूर्ण वाढलेली पिल्ले टरफलातच का मरतात?

आपण लिहिले आहे की जुलै महिन्यात चिपळूणला गावरान कोंबडीची अंडी पंख्याच्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अंडी उबवण्याच्या मशीनमध्ये लावली, तापमान 37.5 अंश सेल्सिअसवर स्थिर राखले आणि पाण्याचा ट्रे पहिल्या दिवसापासून भरून आर्द्रता 65 टक्के ठेवली. तरीही निम्म्याहून अधिक अंड्यांत पूर्ण वाढलेली, पण ओली आणि सुजलेली पिल्ले मेलेली आढळली. या वर्णनावरून दोष तापमानाचा नसून पहिल्या 18 दिवसांतील जादा आर्द्रतेचा दिसतो.

टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जाते आणि तेवढ्या प्रमाणात रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू याच पोकळीत चोच घालून फुप्फुसाने पहिला श्वास घेते. मशीनमधील हवा फार दमट असेल तर पाणी आत अडकून राहते, पोकळी लहान राहते आणि फुगलेल्या पिल्लाला टरफल कापण्यासाठी आत फिरायला जागाच उरत नाही.

म्हणून आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा अंड्याच्या वजनावर विश्वास ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन साधारण 11 ते 13 टक्के घटले पाहिजे. मशीनमध्ये ठेवताना 10 अंड्यांचे वजन 550 ग्रॅम भरले, तर नवव्या दिवशी ते 517 ग्रॅमच्या आसपास आणि अठराव्या दिवशी 485 ग्रॅमच्या आसपास यायला हवे. घट कमी असेल तर ट्रे रिकामा करावा, जास्त असेल तर पाणी वाढवावे. स्वयंपाकघरातील डिजिटल काटा यासाठी पुरतो. सातव्या आणि चौदाव्या दिवशी टॉर्च लावून अंडी तपासताना पोकळीची कड पेन्सिलीने टरफलावर आखून ठेवली, तर हाच बदल डोळ्यांनाही दिसतो.

कोकणातील पावसाळ्यात 27 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा मशीनमध्ये 37.5 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता आपोआप 50 टक्क्यांजवळ येते. म्हणजे पहिले 18 दिवस आपल्याला ट्रेमध्ये पाणी घालण्याची बहुधा गरजच नाही. विदर्भात मे महिन्यात हेच मशीन चालवणाऱ्याला मात्र ट्रे कोरडा ठेवून चालणार नाही.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणे थांबवून आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांवर न्यावी आणि त्यानंतर झाकण उघडू नये, कारण कोरडी हवा लागली की टरफलाखालचे पापुद्र्यासारखे आवरण पिल्लाला चिकटते. या दिवसांत पिल्लांना प्राणवायूची गरज सर्वाधिक असते, त्यामुळे आर्द्रता टिकवण्यासाठी हवेची छिद्रे बंद करू नयेत.

टरफलाला चीर पडल्यावर पिल्लाला हाताने बाहेर काढावे का, असेही आपण विचारले आहे. पहिल्या चिरेनंतर ते 12 ते 24 तास स्वस्थ राहू शकते. त्या वेळात आवरणातील रक्तवाहिन्यांतले रक्त आणि उरलेला पिवळा बलक त्याच्या शरीरात ओढला जात असतो. घाईने टरफल सोलल्यास रक्तस्राव होऊन ते दगावू शकते. बाहेर आलेले पिल्लू त्या बलकावर किमान 48 तास काढू शकते, त्यामुळे पिसे सुकेपर्यंत त्याला मशीनमध्येच राहू द्यावे आणि मगच 35 अंशांच्या ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीत हलवावे.