बी.फार्म करून इंग्लंडात डेटा अ‍ॅनालिस्ट व्हायचंय? पायथन जरा बाजूला ठेव

तू विचारलंस: बी.फार्म झालंय, मिरजेत एका हॉस्पिटलच्या फार्मसीत दोन वर्षं काढलीत, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा क्लास चालू आहे. इंग्लंडात एमएस्सी करून एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) डेटा अ‍ॅनालिस्ट होता येईल का? होता येईल. मीही त्याच वाटेनं लीड्सला आलो. पण पायथनची घाई करू नकोस.

इथं रोजचं काम एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), एक्सेल आणि पॉवर बीआय (आकड्यांचे तक्ते-आलेख करायचं सॉफ्टवेअर) यांवर भागतं, आणि तेवढं हाताला बसतं. घोडं अडतं ते हॉस्पिटल नेमकं काय मोजतंय हे कळण्यात. माझीच फजिती सांगतो. पहिल्या महिन्यात वेटिंग लिस्ट हातात आली. जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, चिठ्ठी हॉस्पिटलात पोचली की घड्याळ सुरू. यादीतल्या 92 टक्के नोंदी 18 आठवड्यांच्या आतल्या असाव्यात, असा नियम. मला एकच एनएचएस नंबर (पेशंटचा ओळख क्रमांक) दोन-दोनदा दिसला. डुप्लिकेट समजून मी ते सगळे उडवले, यादी छान आटोपशीर झाली. मॅनेजर बाईंनी बघितलं आणि शांतपणे विचारलं, "मोतीबिंदू निघाला की गुडघाही बरा होतो का?" यादी माणसांची नव्हतीच, उपचारांची होती. एकच आजी दोन रांगांत उभी होती, आणि मी तिला एका रांगेतून हाकलून दिलं होतं.

म्हणून तुझी फार्मसीतली दोन वर्षं सीव्हीत कोपऱ्यात ढकलू नकोस. केसपेपर वाचता येणारा अ‍ॅनालिस्ट सहज मिळत नाही. एनएचएस इंग्लंड (एनएचएसचा कारभार बघणारी संस्था) वेटिंग टाइम्सचे आकडे दर महिन्याला जाहीर करतं, फुकट. ते उतरवून घे, एखाद्या भागाचा तक्ता कर. अर्जात जाहिरातीतल्या प्रत्येक 'इसेन्शियल' (अत्यावश्यक) मुद्द्यावर स्वतःचं उदाहरण लिही. छाननीत त्यालाच गुण असतात. तोच अर्ज सगळीकडे चिकटवलास तर उत्तराची वाट बघू नकोस.

आता पैशाचं, कारण खरी गाठ तिथंच आहे. नवखे बहुधा बँड 5 या वेतनश्रेणीत लागतात; 2025-26 मध्ये तिचा वर्षाचा पगार 31,049 ते 37,796 पौंड होता. स्किल्ड वर्कर व्हिसाची, म्हणजे नोकरीवरच्या व्हिसाची, किमान पगाराची सर्वसाधारण अट मात्र जुलै 2025 पासून 41,700. नुकतंच शिकून निघालेल्यांना सवलत आहे, 33,400 ची, म्हणजे बँडच्या तळाला घेतलं तर तीही हुकते. ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षण संपल्यावर इथं राहून काम करायचा) दोन वर्षं मिळतात, पण 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना दीडच. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या (संशोधनाच्या नव्हे) एमएस्सीवर बायकोलाही आणता येत नाही. घरी हे आधीच सांगून ठेव. शिवाय मार्च 2025 मध्ये एनएचएस इंग्लंडच गुंडाळायची घोषणा झाली, त्यामुळे कार्यालयांतल्या जागा आटताहेत.

जमीन विकून येणार असशील तर थांब. घरच्यांना झेपणारं असेल तर ये.

तक्ता झाला की पाठव, शनिवारी बघतो.