गाडी नाही म्हणून खोलीतच बसायचं का?

प्रश्न : ताई, लॉस एंजेलिसला एम.एस.साठी येऊन तीन महिने झाले. माझ्याकडे गाडी नाही. दर शनिवारी वाणसामानासाठी रूममेटला विचारावं लागतं आणि हल्ली तिच्या चेहऱ्यावर मला कंटाळा दिसतो. बाकी आठवडा वर्ग आणि खोली, एवढंच. कर्ज काढून जुनी गाडी घेऊ का? – अडकलेली

उत्तर : तुझ्या पत्रातल्या ‘विचारावं लागतं’ या शब्दांपाशी मी थांबले. गाडी नसण्यापेक्षा ते विचारणं तुला जास्त जड जातंय, हो ना?

कर्ज काढून गाडी घेऊ नकोस. कॅलिफोर्नियात विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही. २०२५ पासून विम्याच्या किमान संरक्षणाची रक्कमही वाढली आहे आणि नव्या चालकाला हप्ता चढाच बसतो. शिवाय पार्किंग, पेट्रोल, दुरुस्ती आहेच. गाडीच्या हप्त्यापायी परीक्षेच्या दिवसांत जादा तास काम करायची पाळी तुझ्यावर यावी, हे मला बघवणार नाही.

त्यापेक्षा एक मेट्रो पाठ कर. अख्खं शहर नको, एकच लाइन. सांता मोनिकाच्या समुद्राकडे जाणारी ई लाइन घे. मेट्रोचं एका वेळचं भाडं पावणेदोन डॉलर. टॅप कार्ड, म्हणजे मेट्रोचं पैसे भरून ठेवायचं कार्ड, असेल तर दोन तासांत दुसरी बस किंवा मेट्रो पकडायला पुन्हा पैसे पडत नाहीत, आणि दिवसाला ५ किंवा सात दिवसांत १८ डॉलर झाले की त्या मुदतीतला पुढचा प्रवास फुकट. विद्यार्थ्यांसाठी यू-पास, म्हणजे सवलतीचा मेट्रो पास, आहे का, हे आधी विद्यापीठात विचार. आणि हे शहर मुळात गाड्यांचंच, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. तिथं १९६१ पर्यंत लाल ट्राम धावत होत्या आणि ई लाइनचा बराचसा भाग त्याच जुन्या मार्गावर आहे.

सामानासाठी दोन चाकांची ढकलगाडी घे. गॅलनभर दुधाचा कॅन जवळजवळ चार किलोचा असतो. दोन चौक चालेपर्यंत त्याचा कान बोटांत रुततो आणि मग माणूस बाहेर पडायचंच टाळतो. ढकलगाडी असली की बुधवारी संध्याकाळीसुद्धा तू एकटी जाऊन येशील.

रात्रीचं मात्र जपून. उशिरा मेट्रोच्या गाड्यांमधलं अंतर वाढतं, काही स्टेशनं सुनसान होतात. तेव्हा भीती वाटली तर टॅक्सी कर, त्या पैशांची हळहळ नको. बऱ्याच विद्यापीठांची संध्याकाळनंतर घरी सोडायची सोय असते, तीही बघून ठेव. पुढचा भाडेकरार करताना खोली थोडी लहान चालेल, पण स्टेशन आणि किराणा दुकान पायी दहा मिनिटांत हवं. खरं सांगू, गाडी नसलेल्याचं निम्मं सुख-दुःख घराच्या पत्त्यावरच ठरतं.

आता रूममेट. तिच्या चेहऱ्यावरचा कंटाळा तू वाचलास, तिला विचारलंस का? कदाचित ती अभ्यासानं दमली असेल. आज रात्री सरळ बोल : ‘महिन्यातून एकदाच जड सामानाला जाऊ, दिवस तू ठरव, पेट्रोलचे निम्मे पैसे माझे.’ हिशेब चोख असला की संकोच राहत नाही.

आणि या शनिवारी तिला काहीच विचारू नकोस. ई लाइनमध्ये खिडकीशी बस आणि सांता मोनिकापर्यंत जा. शेवटच्या स्टेशनावर उतरलीस की हवेतला गारवा लगेच जाणवेल. तिथून समुद्र चालत काही मिनिटांवर आहे. जाऊन आलीस की मला कळव.