स्वस्त कन्सोल जास्त विकला गेला, तर तो जिंकला असं म्हणायचं का?

तुम्ही विचारलंय की दोन व्हिडिओ गेम कन्सोलच्या किमतीत मोठा फरक असताना त्यांचे विक्रीचे आकडे शेजारी ठेवून कोण सरस हे ठरवता येतं का. नाही येत. तरीही सगळे ठरवतात, आणि माझा दादा त्यात सगळ्यात पुढे.

२००६ पासूनचं भांडण आहे. त्याच्याकडे मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६०, माझ्याकडे पदरमोड करून घेतलेला सोनीचा पीएस३, म्हणजे प्लेस्टेशन ३. अमेरिकेतल्या विक्रीचे आकडे एनपीडी ही बाजार-संशोधन कंपनी दर महिन्याला द्यायची, ते मी एका दुरेघी वहीत उतरवायचो. महिना, ३६०, पीएस३, असे तीन रकाने. बहुतेक वेळा दादाचा रकाना जड. मी म्हणायचो, तुझा २९९ डॉलरपासून मिळतो, माझा ४९९ पासून, मोठी हार्ड डिस्क हवी तर ५९९. आधी किंमत सारखी होऊ दे, मग बोल. त्यावर त्याने एकदा वही ओढून समासात लिहिलं, ‘किंमत हा कन्सोलचाच भाग. महाग आहे ही सबब चालणार नाही.’ खाली सही, तारीख.

सप्टेंबर २००९ मध्ये पीएस३ स्लिम आला, २९९ ला. ३६० चं एलिट हे महागडं मॉडेलही तोवर २९९ वर उतरलं होतं. ऑगस्टमध्ये पीएस३ साधारण २ लाख १० हजार विकला गेला होता, सप्टेंबरमध्ये ४ लाख ९० हजारांच्या वर, आणि त्या महिन्यात अमेरिकेत चक्क निन्टेंडोच्या ‘वी’ कन्सोललाही मागे टाकून पहिला. मी वही नाचवत दादाकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, एनपीडीचा सप्टेंबर पाच आठवड्यांचा असतो, ऑगस्ट चारचा. मुद्दा खरा होता, चरफडत भागाकार केला. आठवड्याला ५२ हजारांवरून ९८ हजार. पाचवा आठवडा वजा करूनही जवळजवळ दुप्पट! तर म्हणे, ‘भाव पाडून विकलं, त्यात काय मोठंसं.’ म्हणजे महाग असताना किंमत मोजायची नाही, आणि स्वस्त झाल्यावर मात्र मोजायची.

तेव्हा तारखेला तारीख लावून तुलना करू नका, किमतीला किंमत लावा. ३६० बाजारात वर्षभर आधी आला होता, म्हणून ‘आजवरची एकूण विक्री’ तर अजिबात धरू नका. मात्र स्वस्त म्हणजे खपणारच, असंही समजू नका. २००१ मध्ये निन्टेंडोचा गेमक्यूब १९९ ला आला, पीएस२ आणि एक्सबॉक्स तेव्हा २९९ ला होते, आणि शेवटी गेमक्यूब दोघांच्याही मागे पडला. पीएस२ वर डीव्हीडी लागायची, गेमक्यूबवर नाही. शंभर डॉलर वाचवून लोक वेगळा डीव्हीडी प्लेअर कशाला घेतील? (हे उदाहरण दादाचंच. त्याचं श्रेय त्याला देतो, नाइलाजाने.)

आणखी एक राहिलं. कंपनी स्वतः जे सांगते ते बरेचदा दुकानांकडे पाठवलेल्या मालाचे आकडे असतात, गिऱ्हाइकाच्या हातात पडलेल्या नगांचे नाहीत. नगांत एक पुढे आणि डॉलरांत दुसरा, असंही होतं. निन्टेंडोचा स्विच आणि पीएस५ यांचं तसं अनेक महिने झालंय. शिवाय माझ्या किमतीला-किंमत पद्धतीतही भोक आहे: २९९ ला आलेला पीएस३ तीन वर्षं जुना होता, तोवर त्याच्यासाठी गेम्सही भरपूर जमले होते. हे दादाला सांगितलेलं नाही.

मग २०१३ आलं. पीएस४ ३९९, एक्सबॉक्स वन कायनेक्ट या हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्यासकट ४९९. पीएस४ पुढे गेला आणि दादाचा मेसेज आला, ‘शंभर डॉलरचा फरक आहे, तुलनाच होऊ शकत नाही.’ मी उत्तरादाखल समासाचा फोटो पाठवला. पुढच्या वर्षी जूनमध्ये कायनेक्ट काढून किंमत ३९९ झाली, नोव्हेंबरमध्ये ३४९, आणि नोव्हेंबर-डिसेंबर २०१४ ला अमेरिकेत एक्सबॉक्स वन पीएस४ च्या पुढे निघाला. दादाने आकडे पाठवले, खाली लिहिलं होतं, ‘बघ.’

दादा, हे वाचत असशील तर वही अजून माझ्याकडेच आहे. चौदावं पान.