‘ना हरकत’वर सही करू का?

प्रश्न : आमचं गाव राजापूर तालुक्यात. वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, बॉक्साइटची खाण येतेय आणि जनसुनावणीची नोटीस निघाली आहे. पर्यावरण आघात मूल्यांकन अहवालात सडा ‘ओसाड, जलस्रोत नाही’ असा दाखवलाय. आमची आंबा-काजूची बाग नि विहीर त्याच सड्याच्या पाण्यावर आहे. कंपनीचा माणूस म्हणतो, ‘ना हरकत’वर सही करा, विहीर आटली तर टँकर देऊ, स्टॅम्पपेपरवर लिहून देतो. सही करू, की थेट कोर्टातून स्टे आणू?

उत्तर : सही अजिबात करू नका. तुमची सही स्थानिकांची संमती म्हणून फाइलला लागेल आणि टँकरचं वचन तुमच्या कपाटात पडून राहील. द्यायचंच असेल तर ते वचन त्यांनी जनसुनावणीत सगळ्यांसमोर द्यावं. तिथे नोंदलं गेलं, तर अंतिम अहवालातल्या व्यवस्थापन योजनेत ते खर्चासह मागता येतं.

कोर्टाची घाईही नको. खाणीला पर्यावरण मंजुरीच अजून मिळालेली नाही, त्यामुळे आज गेलात तर ‘वेळेआधी आलात’ म्हणून परत पाठवतील.

तुमची खरी लढाई ‘ओसाड’ या शब्दाशी आहे. अशा अहवालांसाठी मोजमाप साधारणपणे पावसाळा वगळून एकाच हंगामात होतं. एप्रिलमध्ये सडा म्हणजे तापलेला कातळ, पण जुलैत तोच जांभा पाणी पितो आणि ते पाणी पायथ्याच्या झऱ्यांतून, पऱ्यातून खाली येतं. हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे, पण कागदावर नाही. बॉक्साइट एकदाच निघतं, सड्याचं पाणी दरवर्षी येतं. या दोन्हींचा हिशेब खड्डा पडण्याआधी मांडायला लावणारी कायद्यातली पायरी म्हणजे हा अहवाल आणि त्यावरची जनसुनावणी, म्हणून ती मला फार मोलाची वाटते.

तेव्हा कागद उभे करा. सातबाऱ्यावर विहिरीची आणि आंबा-काजूच्या झाडांची नोंद आहे का पाहा, नसेल तर आजच तलाठ्याकडे अर्ज द्या. दोर सोडून विहिरीचं पाणी मोजा, तारीख घालून फोटो काढा. जवळपास भूजल सर्वेक्षण यंत्रणेची निरीक्षण विहीर असेल, तर तिच्या पातळ्या माहितीच्या अधिकारात मागा. हे सगळं जोडून लेखी हरकत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या आणि पोचेवर शिक्का घ्या. ‘खाण नको’ एवढंच लिहिलेली शंभर पत्रं एका वाक्यात निकालात निघतात.

पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे नोटीस आणि सुनावणी यांत किमान ३० दिवस हवेत, मराठी सारांशही मिळायला हवा. नसेल तर तीही हरकत घ्या. सुनावणीत मतदान नसतं. गर्दीपेक्षा इतिवृत्त महत्त्वाचं. ते शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं. आपली माणसं बोलून झालं की एसटी गाठायला निघतात. तुम्ही थांबा. तुमचा मुद्दा आला नाही, तर तिथेच उभं राहून घालून घ्या.

याचं वजन किती, ते गोव्यात दिसलं. केपे तालुक्यातल्या कावरे गावच्या खाणीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं, की मंजुरीचा प्रस्ताव तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने लोकांच्या हरकतींवर कारणं नोंदवलीच पाहिजेत. मोपा विमानतळाच्या अर्जात माहिती दडवली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये मंजुरी स्थगित केली. पुढच्या वर्षी काम सुरू झालं हे खरं, पण जादा अटी लागल्यावर. खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली असेल, तर मंजुरी रद्दही होऊ शकते.

एवढं करूनही मंजुरी निघालीच, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात अपील करता येतं. तिथे शाश्वत विकास आणि खबरदारीची तत्त्वं लावणं कलम २० नुसार बंधनकारक आहे. पण मुदत आहे ३० दिवसांची, सबळ कारण असेल तर आणखी ६०. म्हणून सुनावणीनंतर पर्यावरण मंजुरीच्या ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर प्रस्ताव दर आठवड्याला तपासत राहा. नव्वद दिवस उलटले की उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणालाही उरत नाही.